दोन करारांच्या मधले पान



आम्ही कामगारांत वावरणारी माणसे. ‘करार’ हा शब्द कानी पडला की आमच्या डोळ्यांपुढे मालक, युनियन, पगारवाढ, साक्षीदारांच्या सह्या आणि तीन वर्षांची मुदत उभी राहते. त्यामुळे एका ख्रिस्ती सभासदाच्या घरी फळीवरचा जाडजूड ग्रंथ प्रथम हाती घेतला आणि आत ‘जुना करार’ व ‘नवा करार’ अशी दोन नावे वाचली, तेव्हा आम्हांस मोठी गंमत वाटली. येथे एका बाजूस देव आणि दुसऱ्या बाजूस माणूस; मुदतीचे कलम कोठेच नाही! परंतु त्या करारांतील मजकुराविषयी आज आम्ही बोलणार नाही. तो आमचा अधिकार नव्हे. आम्ही ख्रिस्ती नाही आणि शाळाही आम्ही फार पाहिलेली नाही. आमचा विषय आहे त्या ग्रंथात घरच्या माणसांनी आपल्या हाताने लिहिलेला मजकूर. छापील अक्षर सगळ्या प्रतींत सारखेच असते. हाताने लिहिलेले अक्षर मात्र त्या एकाच घरचे.

इंग्लंड-अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात घरासाठी म्हणून मोठ्या आकाराची बायबले छापली जात. त्यांत जुना करार संपतो आणि नवा सुरू होतो त्या जागी नक्षीच्या चौकटीची चारदोन पाने कोरी सोडलेली असत. एकावर जन्म, एकावर विवाह, एकावर मृत्यू. ग्रंथाच्या अगदी पोटात, पुठ्ठ्याच्या घासापासून दूर अशी ती जागा. तेथले पान सहसा फाटत नाही. आपल्याकडच्या साध्या मराठी प्रतीत अशी छापील पाने बहुधा नसतात. मग पुठ्ठ्याच्या आतले कोरे पान, मुखपृष्ठाची मागली बाजू, नाहीतर दोन करारांमधली मोकळी जागा यांचा उपयोग केला जातो. नोंदीही साध्याच असतात. कोणी कोणाला हा ग्रंथ दिला, कोणत्या दिवशी; बाळ कधी झाले, त्याचा बाप्तिस्मा कधी आणि कोणत्या पाळकाच्या हातून झाला; लग्न कोठे लागले; म्हातारा कधी गेला. पुष्कळ घरांत पहिली ओळ बक्षिसाची असते. रविवारच्या शाळेत वचने पाठ म्हणून दाखविल्याबद्दल अमक्या मुलीस बक्षीस, खाली तारीख आणि सही. ती मुलगी पुढे आजी होते आणि त्याच पानावर नातवंडांची नावे चढतात.

ही रीत काही ख्रिस्ती लोकांचीच मिरासदारी नव्हे. वारकऱ्याच्या घरी ज्ञानेश्वरीच्या पहिल्या पानावर पारायणाच्या तिथी सापडतात, मुसलमानाच्या घरी कुराणाच्या जुझदानात मुलांच्या जन्माची चिठ्ठी सापडते. तरीही ख्रिस्ती घरातल्या या पानाला निराळे महत्त्व का आले, याचे कारण आपल्या इतिहासात आहे. त्र्यंबकेश्वरास, नाशकास, पैठणास तीर्थोपाध्यायांच्या वह्या असतात. यात्रेस गेलेल्या माणसाने आपले, बापाचे, आज्याचे नाव सांगावे आणि उपाध्यायाने ते वहीत उतरून घ्यावे. बाप्तिस्मा घेतला की त्या वहीत पुढची नोंद पडायची नाही. घराण्याचा धागा तेथे तुटला. आणि जो गावकुसाबाहेरचा, त्याचे नाव कोठे लिहिले असलेच तर ते वतनाच्या आणि बलुत्याच्या कागदात, दुसऱ्याच्या हाताने, दुसऱ्याच्या कामासाठी. त्याच्या घरात कोणी वाचायला शिकला आणि बायबलाच्या कोऱ्या पानावर त्याने आपल्या मुलीचा जन्म टिपला, तर ती पुष्कळदा त्या घराने स्वतःविषयी स्वतः लिहिलेली पहिली ओळ असते. आमच्या दृष्टीने या विषयाचे मर्म हेच.

आमच्या जालन्यात याचा आरंभ ज्या पुरुषामुळे झाला त्याचे नाव रेव्हरंड नारायण शेषाद्री. जन्माने ब्राह्मण, मुंबईच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले. १८४३ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या मागोमाग त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे गेला आणि मुंबईत मोठा गहजब झाला. बाप कोर्टात गेला. मुलगा स्वतःचा धर्म ठरविण्याइतका जाणता आहे की अजून अज्ञान आहे, हा प्रश्न उभा राहिला. मुंबईच्या सुप्रीम कोर्टाने श्रीपतास अज्ञान ठरवून बापाच्या हवाली केले. पुढे त्याला जातीत परत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी खटपट केली आणि सनातन्यांचा रोष ओढवून घेतला, ही हकीकत पुष्कळांना ठाऊक असेल. आम्हांस त्यात लक्षात राहते ते एवढेच की, माणसाचे वय किती हा प्रश्न केवळ हिशेबाचा नसतो; त्यावर त्याचे सारे आयुष्य इकडचे तिकडे होते.

नारायण शेषाद्री पुढे निजामाच्या राज्यात जालन्यास आले. तेव्हा येथे हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. त्यांच्या उपदेशाने जे ख्रिस्ती झाले त्यांत मांग समाजाची माणसे बरीच होती. त्यांना गावात राहणे अवघड होऊ लागले, तेव्हा निजामाचे दिवाण सर सालारजंग यांनी दिलेल्या जमिनीवर जालन्याजवळच त्यांनी एक वसाहत उभी केली आणि तिचे नाव ठेवले बेथेल. बेथेल म्हणजे देवाचे घर. हे नाव जुन्या कराराच्या पहिल्याच पुस्तकात येते. भावाच्या भीतीने घर सोडून निघालेला याकोब रात्री उशाला धोंडा घेऊन निजतो आणि सकाळी तोच धोंडा खूण म्हणून उभा करतो, त्या जागेचे हे नाव. घरदार सुटलेल्या माणसांच्या वस्तीला याहून नेमके नाव सापडले नसते. शेषाद्री १८९१ साली वारले. ‘जालना सोने का पालना’ असे आमच्याकडे म्हणतात. या पाळण्यात कोणकोणती बाळे निजली याची एक यादी अशा बायबलांच्या पानांवरून तयार व्हावी.

आता ही पाने वाचायची कशी, हे थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण नातवंडांना ती वाचता येत नाहीत म्हणून ती टाकून दिली जातात. मराठवाड्यात अडचण दुहेरी. जुन्या माणसांचा हात मोडीचा. सरकारी भाषा उर्दू. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाचा, आणि निजामाच्या कचेरीत साल चाले ते फसली. त्यामुळे एखाद्या जुन्या नोंदीत साल १३३५ असे दिसले तर घाबरून जाऊ नये. ते शिवाजी महाराजांच्याही आधीचे नव्हे. हैदराबाद संस्थानात फसली वर्ष ऑक्टोबरच्या आरंभी आजूर महिन्याने सुरू होई. म्हणून ऑक्टोबर ते डिसेंबर या काळातली नोंद असेल तर फसली सालात ५९० मिळवावे, आणि जानेवारीपासून पुढची असेल तर ५९१. म्हणजे १३३५ फसली हे १९२५ च्या ऑक्टोबरात सुरू होऊन १९२६ च्या ऑक्टोबरात संपले. महिन्यांची नावेही पारशी वळणाची असतात: आजूर, दै, बहमन, असफंदार, फरवर्दी, अर्दीबेहेश्त, खुर्दाद, तीर, अमरदाद, शहरेवर, मेहेर, आबान. ही बारा नावे एका चिठ्ठीवर लिहून त्याच ग्रंथात ठेवावी; पुढच्या पिढीचे काम सोपे होईल. जमिनीच्या जुन्या कागदांनाही ती उपयोगी पडतात, हा वरचा लाभ.

दुसरी गोष्ट शाईची. एका पानावर दहा नोंदी आहेत, चाळीस वर्षांत पसरलेल्या आहेत, आणि शाई एकच, अक्षर एकच, ओळी सुतासारख्या सरळ; तर समजावे की हे सारे एकाच बैठकीत, आठवणीवरून किंवा दुसऱ्या जुन्या पानावरून उतरवले आहे. ते खोटे असेलच असे नाही, पण त्याला त्या त्या दिवशीची साक्ष म्हणता येणार नाही. उलट एक नोंद बोरूची, एक टाकाची, एक बॉलपेनची, एकात आईचे अक्षर, एकात शाळकरी पोराचे वेडेवाकडे, अशी जी पाने दिसतात ती अधिक विश्वासाची. तसेच ग्रंथ कोणत्या साली छापला ते मुखपृष्ठामागे पाहावे. १९३० साली छापलेल्या ग्रंथात १९१० सालचा जन्म लिहिलेला असेल तर तो नंतर लिहिलेला आहे, हे सांगायला पंडित नको. आणखी एक घोटाळा नेहमी होतो. बाप्तिस्म्याची तारीख हीच जन्माची तारीख धरली जाते. दोन्हींत कधी आठ दिवसांचे, कधी काही वर्षांचे अंतर असते, आणि मोठेपणी धर्म घेतलेल्याच्या बाबतीत तर अर्ध्या आयुष्याचे.

येथवर कुटुंबाच्या नोंदीविषयी झाले. श्रद्धेची नोंद याहून सूक्ष्म असते आणि ती कोऱ्या पानावर नसते, समासात असते. कवी नारायण वामन टिळकांची गोष्ट घ्या. रेल्वेच्या डब्यात एका युरोपियन प्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांना ते मुळीच पटले नव्हते. पण शब्द दिला म्हणून पुस्तक उघडले, आणि वाचताना महत्त्वाच्या जागी खुणा करण्याच्या सवयीने पेन्सिल हाती घेतली. खुणा करता करता ते डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि तेथे अडकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्याने त्यांच्या घरात काय उलथापालथ झाली ती लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त लिहून ठेवली आहे. त्यांना स्वतःला त्या वाटेने जायला आणखी पाच वर्षे लागली. आम्हांस या कथेत पेन्सिल फार महत्त्वाची वाटते. ज्याने पुस्तक नुसते पूजले त्याची खूण पुस्तकावर राहत नाही. जो त्याच्याशी भांडला, थांबला, पुन्हा मागे गेला, त्याची राहते.

पंडिता रमाबाईंची वाट निराळी. विवाहानंतर आसामात सिल्चरला असताना आपल्याच घरातल्या पुस्तकांत त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची एक लहानशी बंगाली पुस्तिका सापडली. तेथून आरंभ. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि खेड्यातल्या साध्या बाईला कळेल अशा मराठीत सबंध बायबलाचे भाषांतर करायला बसल्या. त्या कामात त्यांची अखेरची बरीच वर्षे गेली. मुलगी मनोरमा १९२१ साली वारली. स्वतः रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या. ते बायबल मुक्तीच्याच छापखान्यात छापून १९२४ साली पुरे झाले. समासात दोन शब्द लिहून ज्यांचे समाधान होत नाही त्यांनी काय करावे, याचे हे एक उत्तर. अर्थात सगळ्यांना ते परवडणारे नव्हे.

मराठीत हा ग्रंथ घरोघर जाण्याइतका मिळू लागला तोही फार जुना काळ नाही. बंगालमध्ये श्रीरामपूरला विल्यम कॅरीने मत्तयाचे शुभवर्तमान १८०५ साली आणि नवा करार १८११ साली मराठीत छापला. त्याच्या मदतीस वैजनाथ पंडित होते. मुंबईच्या अमेरिकन मिशनने १८२६ साली आपला नवा करार काढला. त्याच्याही दोनशे वर्षे आधी, १६१६ साली, गोव्यात फादर स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले होते. ते बायबल नव्हे, बायबलाच्या कथेवरचे ओवीबद्ध पुराण. त्याच्या पुढे १६४९ आणि १६५४ साली आणखी आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही आवृत्त्यांची छापील प्रत आज एकही हाती नाही. पोर्तुगीज सरकारने १६८४ साली लोकभाषेविरुद्ध फर्मान काढले. मग हे पुराण आपल्यापर्यंत आले कसे? लोकांनी हाताने उतरून घेतलेल्या पोथ्यांमधून. त्या पोथ्यांच्या आधारे १९०७ साली मंगळूरला ते पुन्हा छापले गेले. छापखान्याने केलेले नाहीसे झाले आणि घरच्या हाताने केलेले टिकले, हे नवलच.

आता आमच्या धंद्याकडे येतो. मुळात या पानांशी आमची ओळख झाली ती भक्तीमुळे नव्हे, प्रॉव्हिडंट फंडामुळे. आपल्या महाराष्ट्रात १ जून या दिवशी जन्मलेली माणसे किती, हे आपण सारे जाणतो. शाळा जूनमध्ये उघडते; बाप पोराला घेऊन येतो; जन्मतारीख विचारली तर ‘मोठ्या पुराच्या सालची’ म्हणतो. गुरुजी पोराकडे पाहतात आणि १ जून टाकून मोकळे होतात. ही तारीख मग शाळेच्या दाखल्यावरून कारखान्याच्या रजिस्टरात, तेथून फंडाच्या कागदात, तेथून निवृत्तीच्या पत्रात जाते. पोर अंगाने थोराड असेल तर वय दोनतीन वर्षे जास्त पडते आणि तेवढी वर्षे पगार बुडतो.

असेच एका कामगाराचे झाले. सळयांच्या कारखान्यात भट्टीपुढे आयुष्य काढलेला माणूस. कारखान्याच्या कागदावर त्याची अठ्ठावन्न वर्षे भरली होती. त्याने आम्हांस घरी नेऊन आईचे बायबल दाखविले. त्यात त्याच्या जन्माची नोंद होती, आईच्याच हातची, वर मोठ्या बहिणीची आणि खाली धाकट्या भावाची. तिन्ही निरनिराळ्या शाईंनी. हिशेबाने तो छप्पन्न वर्षांचा ठरत होता. आम्ही अर्ज लिहिला, पानाचे छायाचित्र जोडले, खेपा घातल्या. साहेबांनी पान पाहिले, हात जोडले, आणि धार्मिक पुस्तकाला आम्ही कागदपत्र म्हणत नाही असे सांगितले. नोकरीच्या अखेरीस जन्मतारीख बदलून मागणाऱ्याला न्यायालयेही सहसा दारात उभे करीत नाहीत, हे आम्हांस माहीत होते. तो १ जूनच्या आधल्या दिवशी घरी गेला. पान मात्र खरे होते, असे आमचे आजही मत आहे.

त्या निमित्ताने आम्ही कायदा चाळला. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात बत्तिसावे कलम होते. मृत माणसाने नात्यागोत्याविषयी जे लिहून ठेवले असेल, मग ते वंशावळीत असो, थडग्याच्या दगडावर असो, घरातल्या तसबिरीवर असो किंवा जेथे अशा गोष्टी लिहिण्याची रीत आहे अशा दुसऱ्या कोणत्याही वस्तूवर असो, ते कोर्टापुढे मांडता येते. बापाने टिपणवहीत केलेली मुलीच्या लग्नाची नोंद हे उदाहरण तर खुद्द कायद्यातच दिलेले आहे. अट अशी की, ते वाद उपस्थित होण्यापूर्वी लिहिलेले असले पाहिजे. १ जुलै २०२४ पासून जो नवा भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला त्यात हीच तरतूद सव्विसाव्या कलमात आली आहे. म्हणजे बायबलाचे पान कोर्टात अस्पृश्य नव्हे. मांडता येते, ते मानायचे किती, हे न्यायाधीश ठरवितो. कचेरीतला कारकून आणि कायदा यांच्यात असे अंतर नेहमीच असते.

अमेरिकेत तर या पानांनी म्हाताऱ्या बायकांना भाकर मिळवून दिली. तेथल्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेल्या सैनिकांच्या विधवांना पेन्शन देण्याचे कायदे पुढे झाले. त्यांतला एक मोठा कायदा १८३६ चा. लग्न अमक्या साली झाले हे दाखवावे कशाने? खेड्यात दप्तर नव्हते. तेव्हा त्या बायकांनी घरच्या बायबलातली नोंदीची पाने फाडून अर्जासोबत वॉशिंग्टनला पाठविली. ती पाने तेथल्या राष्ट्रीय दप्तरखान्यात अजून आहेत. पवित्र ग्रंथाचे पान फाडताना त्या बाईचा हात कापला असेल. पण पोटाचा प्रश्न होता.

आपल्याकडे या पानाची एक दुसरी, अवघड बाजू आहे, आणि ती बोलल्यावाचून हे व्याख्यान प्रामाणिक होणार नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ साली त्यांत शीख आले, १९९० साली बौद्ध आले. ख्रिस्ती झालेला मांग किंवा महार त्यांत आला नाही. महाराष्ट्रात त्याला इतर मागासवर्गाच्या यादीत जागा दिली आहे. वस्ती तीच, झोपडे तेच, पाणवठ्यावरचा अनुभवही तोच. पण बाप्तिस्म्याची एक ओळ आडवी येते. त्यामुळे काही घरांत कागदावर एक नाव आणि बायबलात दुसरे नाव असते. काही घरांत तर आजोबांनंतर पान कोरेच आहे. लिहायला कोणी राहिले नाही म्हणून नव्हे, लिहिले तर कोणी पाहील म्हणून. यात त्या घरांना दोष देण्याचे आम्हांस काही कारण दिसत नाही. भुकेल्या माणसाला खरे बोलण्याची किंमत मोजायला लावणाऱ्या व्यवस्थेला काय म्हणावे, ते आपण ठरवावे. आमचे म्हणणे इतकेच की ते पान कोणत्याही कचेरीसाठी लिहिलेले नसते. ज्याला काही मागायचे नाही अशा क्षणी ते लिहिलेले असते, आणि त्याचा खरेपणा त्यातूनच येतो. म्हणून ते सोयीसाठी खोडणे जितके वाईट, तितकेच सोयीसाठी मागाहून भरणेही वाईट.

श्रद्धेच्या नोंदीचे एक उदाहरण आम्ही स्वतः पाहिले आहे. दवाखान्यात जन्म घालवलेल्या एका वृद्ध परिचारिकाबाईंचे बायबल. कोऱ्या पानावर जवळजवळ काही नाही. त्या अविवाहित होत्या. पण तेविसाव्या स्तोत्राच्या समासात बारीक पेन्सिलीने तारखाच तारखा. आम्हांस वाटले, वाचनाचा नेम असेल. बाई म्हणाल्या, ‘नाही भाऊ, माझ्या पाळीत जो पेशंट जाई त्याच्यासाठी मी हे म्हणत असे. हिंदू असो, मुसलमान असो. नाव लिहीत नसे, दिवस लिही.’ त्या समासात जागा संपल्यावर तारखा पुढच्या स्तोत्रावर गेल्या होत्या. या बाईंना मूलबाळ नाही. हे पुस्तक कोणाचे वारस म्हणून कोणाकडे जायचे? त्यांनी ते आपल्या देवळाला देऊन ठेवले आहे, हे बरे केले.

वारसाहक्काचा हा प्रश्न घरोघर आहे. शेत वाटता येते, भांडी वाटता येतात. बायबल एक आणि मुले चार. रीत म्हणावी तर थोरल्या मुलाकडे जाते. प्रत्यक्षात जिने आईचे शेवटचे दुखणे काढले त्या मुलीकडे पुष्कळदा ते असते, आणि तेच न्याय्य दिसते. कोठे कोठे ते मृताबरोबर पेटीत ठेवून देतात. भावना समजते, पण ज्यात नोंदी आहेत ते पुस्तक मातीत घालू नये. त्याऐवजी दुसरी प्रत ठेवावी. भांडण मिटवायचा सोपा उपाय मोबाईलने दिला आहे. नोंदीचे प्रत्येक पान, मुखपृष्ठ आणि खुणा केलेली पाने उजेडात सरळ धरून टिपावी आणि चौघांनी जवळ ठेवावी.

ग्रंथ जपण्याविषयी चार गोष्टी. बायबलाचा कागद पातळ असतो, म्हणून फाटलेल्या पानास चिकटपट्टी लावू नये; ती पिवळी पडून कागद खाते. प्लास्टिकमध्ये पान डकवून घेणे तर कायमचे मारणे होय. लोखंडी पेटीत, भिंतीला लागून ठेवू नये. मराठवाड्यात उन्हाळ्यात पेटी तापते आणि पावसाळ्यात भिंतीतून वाळवी येते. सुती फडक्यात गुंडाळून लाकडी फळीवर ठेवावे, कडुलिंबाचा वाळलेला पाला जवळ ठेवावा, आणि वर्षातून दोनदा पाने उलटावी. आत सापडलेल्या वस्तू, म्हणजे पावती, वाळके फूल, वर्तमानपत्राचे कात्रण, फेकू नयेत. पण मूळ पानाचा क्रमांक लिहून त्या वेगळ्या पाकिटात काढाव्या, नाहीतर त्यांचा डाग शेजारच्या पानावर उतरतो.

पुष्कळ तरुण विचारतात की, १९६९ च्या कायद्याने जन्ममृत्यूची नोंद सक्तीची झाली, आणि १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांना तर जन्माचा दाखला हाच शाळेपासून मतदारयादीपर्यंत चालायचा. मग आता या पानावर लिहायचे कशाला? सरकारी दाखल्यात बाळाचे नाव, दिवस, ठिकाण आणि आईबाप येतात. त्या रात्री पाऊस होता, दाई वेळेवर आली नाही, शेजारच्या मुसलमान बाईने बाळ हातात घेतले, हे दाखल्यात येत नाही. ज्या घरांनी ते लिहिले आहे त्यांच्या पानांवर आम्ही ते वाचले आहे. तेव्हा ज्यांना लिहायचे आहे त्यांनी पेन्सिलीने किंवा न फुटणाऱ्या शाईने लिहावे, जन्माचा दिवस आणि बाप्तिस्म्याचा दिवस निराळे टाकावे, गावाबरोबर तालुका द्यावा, आणि लिहिणाराने खाली आपले नाव व त्या दिवसाची तारीख घालावी. जे जुने खोडायचे असेल त्यावर एकच आडवी रेघ मारावी, म्हणजे खालचे वाचता येते.